चार बोटं कापलेला दरवाजा

बालमित्रांनो, दरवाजा म्हटला की तुम्हाला कडी, कोयंडा, कुलूप आठवत असेल. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच होतो. वरून कोणीही डोकावावं, खालून मांजराने जावं, आणि मधून लाथ मारून आत यावं, अशी माझी रचना. मी काऊबॉयच्या एका सिनेमातल्या सलूनचा, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा, दरवाजा. या सलूनमध्येही कापाकापी होई, पण केसांची नव्हे.

मला ज्याने बनवलं तो सुतार तेव्हा पस्तिशीचा होता. स्टुडिओत येण्यापूर्वी तो कपाटं करायचा, आणि त्यामुळे त्याला खोटं सामान करता येत नसे. बाकी सगळं गाव खोटं होतं. बँकेला पुढची भिंत होती, मागची नव्हती. तुरुंगाचे गज रबराचे होते. मला मात्र त्याने खाचा पाडून, सरस लावून जोडलं, आणि वरच्या कडेला पटाशीने एक वेल कोरली.

रंगारी म्हणाला, "अरे बाबा, तीन आठवड्यांचं शूटिंग. खिळे ठोक आणि मोकळा हो."

"यातून माणसं ये-जा करणार ना? मग दरवाजाच आहे तो," सुतार म्हणाला.

माप घेण्यासाठी त्याने नायकालाच खुर्चीतून उठवलं. नायक ताडमाड उंच. सुताराने दोरी धरून त्याचा गुडघा मोजला, छाती मोजली आणि दोरीला दोन गाठी मारल्या. माझं मोजमाप एवढंच.

एक गोष्ट मात्र फसली. चार स्प्रिंगा हव्या होत्या, तीनच मिळाल्या. चौथी सुताराने एका मोडक्या खुर्चीतून काढली. ती निघाली मऊ. पहिल्याच शॉटला नायक आत आला. माझी उजवी झडप शहाण्यासारखी थांबली आणि डावी आपली हलतेच आहे. सुतार पळत पुढे आला. "साहेब, दहा मिनिटं द्या. स्प्रिंग बदलतो."

साहेब म्हणजे दिग्दर्शक. उन्हात स्वेटर घालणारा, तिरसट म्हातारा. तो म्हणाला, "हात लावशील तर बघ." मग नायकाकडे वळला. "ती झडप थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"पण माझी अकरा वाक्यं आहेत."

"ती आता नाहीत."

नायक आत येऊन गप्प उभा राहिला. झडप एकदा हलली, दोनदा हलली, तिसऱ्यांदा हलून थांबली. टेबलावर पत्ते खेळणाऱ्यांचे हात आपोआप थांबले. ते अभिनय करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं, काहीतरी बिघडलं. पुढे त्या शांततेवर लोकांनी जाडजूड लेख लिहिले. खुर्चीतल्या स्प्रिंगेबद्दल एकानेही लिहिलं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे मी जुन्याचा आंधळा पुजारी आहे असं तुम्हाला वाटायला नको. ती गोष्टही काही कोरी नव्हती. तिच्यावर आधी दोन सिनेमे निघाले होते. लेखकाने साहेबांना विचारलं होतं, "आधीचा पुन्हा एकदा बघून घ्यायचा का?" साहेब म्हणाले, "एकदा पाहिलाय. फार चांगला आहे. म्हणूनच परत बघणार नाही." तेव्हा जुनी गोष्ट पुन्हा सांगणं हा गुन्हा नाही, मित्रांनो. मीही तिसऱ्या खेपेचाच दरवाजा होतो.

सिनेमा चालला. लोक माझ्यासमोर फोटो काढायला येत, एकाने तर माझा एक टवका खिशात घालून नेला. मग काऊबॉयचे दिवस संपले, खोटं गाव पाडलं गेलं, आणि मी स्टुडिओच्या भांडारात गेलो. माझ्या एका बाजूला कागदाच्या लगद्याची तोफ, दुसऱ्या बाजूला भुसा बाहेर आलेला घोडा. पन्नासहून जास्त वर्षं तिथे काढली. तक्रार नाही. सुताराची लेक पुढे त्याच भांडाराची प्रमुख झाली. सगळे तिला ताई म्हणत. ती दर महिन्याला माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायची आणि घरी जाऊन बापाला सांगायची, "तुमचा लाडका बरा आहे." सुतार आता नव्वदीला टेकला होता. त्याने आयुष्यभर केलेल्या सामानातलं मी सोडून काहीही उरलं नव्हतं.

मग एके दिवशी नोटीस आली. भांडाराची जागा विकली होती. महिनाअखेरपर्यंत जे सामान कुठल्या सिनेमाला लागणार नाही, ते भंगारात. ताईने ती नोटीस माझ्यासमोर उभी राहून वाचली आणि घडी करून कमरेला खोचली. आणि त्याच आठवड्यात तो उगवला. माझ्या सिनेमाचा रिमेक काढणारा नवा दिग्दर्शक.

युनिटमधले लोक त्याला मागे 'भक्त' म्हणत. स्वभावाने गोड, हसतमुख, जुना सिनेमा दोनशे वेळा पाहिलेला. मला बघून त्याने चक्क हात जोडले. "ताई, आम्हाला हाच हवा. मूळ दरवाजा! सगळं तस्सं करायचंय. इंचही हलवायचा नाही."

ताईने कराराचा कागद तीनदा वाचला. त्यात एक ओळ होती: 'आवश्यक ते बदल करण्यास हरकत नाही.' तिचं पेन तिथे अडलं. पण नाही म्हणावं तर भंगारवाला दारात उभा. तिने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'काम संपल्यावर दरवाजा परत द्यावा,' आणि सही केली.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला आजही शिसारी येते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला साबणाने घासलं, कारण खऱ्या धुळीने नायकाला शिंका येतात. मग डब्यातली धूळ आणली. डब्यावर लिहिलं होतं, 'त्वचेस अपाय नाही.' एक माणूस बारीक ब्रशने माझ्यावर म्हातारपण रंगवत बसला. मी पन्नाशी ओलांडलेला दरवाजा, पण त्यांच्या मते पुरेसा जुना दिसत नव्हतो. नायकाचा घोडा म्हणजे हिरव्या कापडात गुंडाळलेलं पिंप. ते यंत्रावर हिंदकळायचं आणि नायक त्याच्या मानेवर प्रेमाने थोपटायचा. पिंपाला मान नव्हती; ती नंतर संगणकावर घालणार होते.

सुरक्षेवाल्या बाईंनी माझी तपासणी केली आणि सांगितलं, "डावीकडची स्प्रिंग सदोष आहे." लगेच चारही नव्या बसवल्या. आता दोन्ही झडपा एकदम थांबू लागल्या, बँकेच्या दारासारख्या. मग भक्ताच्या लक्षात आलं की मूळ सिनेमात डावी झडप तीनदा हलते. जुनी स्प्रिंग परत लावावी, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनी माझ्या डाव्या झडपेला मासे पकडायची तंगूस बांधली, टेबलाखाली एक माणूस पालथा घातला, आणि तो कानातल्या हुकुमावर ओढू लागला. एक. दोन. तीन. पैसेवाल्यांनी पाहिलं आणि म्हणाले, तीन फार कमी वाटतात, पाच करा. पाच केले.

आणि नायक गप्प उभा राहायच्या ठिकाणी नवं वाक्य घातलं. नायक आत यायचा, घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "आता मी काही बोलणार नाही," आणि मग बोलायचा नाही.

याहून किळसवाणं काही असेल असं मला वाटत नव्हतं. मी चुकलो.

नवा नायक जुन्यापेक्षा चार बोटं ठेंगणा निघाला. त्याची यात काही चूक नाही. पण कॅमेऱ्यातून पाहिलं की माझ्यावरून तो फक्त हनुवटीपासून टोपीपर्यंतच दिसे. दुकानाच्या काउंटरवरून गोळ्या मागणाऱ्या पोरासारखा. त्यामुळे ठरलं, दरवाजा वरून चार बोटं कापायचा.

नेमका त्याच दिवशी सुतार सेटवर आला होता. 'मूळ दरवाजाचे निर्माते' अशी पाटी लावून त्याला खुर्चीत बसवलं होतं. प्रसिद्धीवाली मुलगी त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरून विचारत होती, "आजोबा, कसं वाटतंय? भरून येतंय ना?"

"तो टेबलाखाली कोण झोपलाय?" सुताराने विचारलं.

तेवढ्यात करवतवाला आला. ताई पुढे झाली. "थांबा. हे काय चाललंय?"

भक्ताने अगदी आदबीने समजावून सांगितलं. कागदातली ओळही दाखवली.

सुतार उठला. काठी टेकत माझ्यापाशी आला. माझ्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "अहो, कापायला कशाला हवं? बिजागऱ्या चार बोटं खाली घ्या. दहा मिनिटांचं काम."

भक्ताचा चेहरा पडला. "आजोबा, ते नाही करता येणार. मूळ सिनेमात दरवाजा जमिनीपासून बरोबर वीस इंच वर आहे. आम्ही एकेक चित्र थांबवून मोजलंय."

"तेव्हाचा नायक उंच होता म्हणून वीस."

"हो, पण वीस आहे ना."

"मग नवा करून देतो. या पोराच्या मापाचा. हात थरथरतात, पण लेक धरेल."

"नवा कसा चालेल? आम्हाला मूळच हवा!"

"म्हणजे मूळ हवा, म्हणून मूळ कापणार?"

"बरोब्बर!" भक्ताला मनापासून आनंद झाला. आपलं म्हणणं समजलेला पहिला माणूस त्याला भेटला होता.

सुताराने माझ्या कडेवरचा हात काढला. मग म्हणाला, "बाळा, मी माणसाचं माप घेतलं होतं. तू माझ्या दरवाजाचं घेतोयस."

टेबलाखालच्या माणसाने तंगूस सोडून दिली. नायकाने टोपी काढली आणि पुटपुटला, "आजोबा, मी उंच टाचांचे बूट घालतो हवं तर." पण बूटही मूळ सिनेमासारखेच हवे होते. ताई म्हणाली, "मी माझी सही मागे घेते." तर एक वकील पुढे आला. सेटवर वकील होता, मित्रांनो, घोडा नव्हता.

सुताराने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे गं. मला घरी ने. आवाज ऐकायचा नाही मला."

करवत विजेवरची होती. वेल कोरलेली कड एका मिनिटात खाली पडली. ती काचेच्या पेटीत बसवून, रिबन बांधून, पहिल्या खेळाच्या दिवशी सुताराला स्टेजवर भेट दिली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सुतार ती पेटी हातात घेऊन उभा होता, दुसऱ्याचं तान्हं मूल कुणीतरी हातात दिल्यासारखा.

मी थिएटरच्या दालनात ठेवलेला होतो, फोटोंसाठी. स्टेजवरून उतरलेला सुतार खेळ बघायला थांबलाच नाही, बाहेर येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसून राहिला. खेळ सुटला. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "सेम टू सेम आहे नाही?"

"हो ना, डिट्टो," ती म्हणाली. "तू घोरत होतास."

ताई सर्वांत शेवटी आली. "बाबा, विचारू नका."

"नाही विचारत. पेचकस आणलायस?"

पर्समध्ये पेचकस ठेवणारी ती एकच बाई त्या दालनात असेल. सुताराने तिथल्या तिथे माझे स्क्रू काढायला घेतले. रखवालदार धावत आला. "ओ काका! प्रदर्शनातला आहे तो!" ताईने त्याच्या नाकासमोर कागद धरला. काम संपल्यावर परत. त्याने वाचला, इकडेतिकडे पाहिलं, आणि एक झडप स्वतःच उचलून रिक्षात ठेवली.

घरी ताई डोळे पुसत म्हणाली, "बाबा, ती काचेतली कड परत जोडूया का? सरस लावून. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"मग काय करायचं याचं?"

सुतार उठला. त्याने सुतळी घेतली. भांडारातलं जड सामान उचलून उचलून ताईचा उजवा खांदा गेला होता. हात छातीच्या वर जात नसे, आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे तिला रोज शेजारणीकडून काढून घ्यावे लागत. सुताराने तिला भिंतीपाशी उभं केलं. "हात वर कर. दुखेल तिथे थांब." ती थांबली तिथे त्याने सुतळीला गाठ मारली.

"अहो बाबा, सिनेमातला दरवाजा आहे तो!"

"सिनेमा झाला. हलू नकोस."

दोन आठवडे लागले. लेकीने धरलं, बापाने कापलं. मित्रांनो, या वेळीही मला कापलंच, चार बोटांहून किती तरी जास्त. पण मला ओकारी आली नाही. आता मी ताईच्या ओट्याशेजारच्या बुटक्या कपाटाला आहे. माझ्यामागे पिठाचे डबे आहेत. मला बघून सिनेमा कुणालाही आठवत नाही.

तुम्ही मोठे झालात की तुमच्यातलाही कुणीतरी जुनी गोष्ट पुन्हा करायला घेईल. जरूर घ्या. जुन्याच्या तोडीचं होईल का, असं मला विचाराल, तर होऊ शकतं. फक्त सुतळी जुन्या पडद्याला लावू नका. समोर उभ्या असलेल्या माणसाला लावा. आणि तेवढी उस्तवार जमणार नसेल, तर जुन्याला महिन्यातून एकदा तेल घाला आणि आपल्या वाटेने जा. त्याच्या पाया पडून त्याला करवत लावू नका.

बाकी मागणं फार नाही. ओल्या हातांनी मला उघडू नका, लाकूड फुगतं.