तेजूचे छापील पप्पा

मी कटआउट बोलतोय. नमस्कार करायची गरज नाही, मला हात जोडूनच छापलंय. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात जाड चेन. बघणाऱ्याला पुढारी वाटतो, पण मी ज्याचा कटआउट आहे तो कृष्णात शहरात, शाहूपुरीत, फ्लेक्स छापायचं दुकान चालवतो. त्याचा बरा असा एकच फोटो होता, तोही मित्रांनी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी काढलेला.

माझा जन्म एका चित्रामुळे झाला. कृष्णातची मुलगी तेजस्वी आमच्या गडमुडशिंगी गावात पहिलीत शिकते. बाईंनी 'माझे कुटुंब' काढायला सांगितलं. तेजूने आई काढली. ती दवाखान्यात नर्स, सदा घाईत, म्हणून पाठमोरी. शेजारची मदिनाचाची काढली, कारण शाळा सुटल्यावर तेजू तिच्याकडेच असते. आणि पप्पांच्या जागी एक मोबाइल काढला, चार्जिंगला लावलेला.

ते चित्र कृष्णातने बघितलं. दुसरा बाप दुकान बंद करून घरी गेला असता. या गड्याला छापण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याने मला छापलं, लाकडी पट्ट्यांवर ठोकलं आणि घरी जेवायच्या जागेशेजारी उभं केलं.

"पप्पा आता हितंच हाईत बघ," म्हणाला आणि दुकानाला गेला.

त्याची बायको स्वप्नाली भडकली. "पोरीला फ्लेक्सचा बाप देताय व्हय? लाज वाटत न्हाय?" पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तिचाच फोन गेला, "माझाबी एक काढून ठेवा. साडी तेवढी हिरवी करा." तो काढायला कृष्णातला वेळच मिळाला नाही.

तेजू मला घास भरवायची. गॉगलवर आमटी सांडायची. मदिनाचाचीही चहाच्या वेळी मला विचारायला लागली. पालकसभेला तिनेच मला रिक्षातून नेलं. बाकीचे बाप मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले, बाईंचं सगळं मी एकट्याने ऐकलं. बाईंनी चारचौघांत माझं कौतुक केलं.

तिथेच घोटाळा झाला. गावभरातून ऑर्डरी आल्या. कुणाला हसणारी आई हवी, कुणाला अभ्यास घेणारा बाप. कृष्णातचा रविवारही दुकानात जायला लागला. मला संताप यायचा, पण सांगणार कुणाला?

एका संध्याकाळी छपाईचं मशीन बंद पडलं, म्हणून तो उजेड असतानाच घरी आला. तेजू माझ्यापुढे बसून पडलेल्या दाताची हकिगत सांगत होती.

"तेजू, मी आलोय की!"

तिने मान वळवली नाही. "पावणं, जरा सरका की. मी पप्पांना सांगालोय."

कृष्णातचा चेहरा उतरला. मग खिशातला गॉगल लावून, हात जोडून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, अजिबात न हलता. मोबाइल वाजला, डास चावला, तरी हलला नाही. तेजूने आम्हा दोघांना निरखून बघितलं. त्याच्या गालाला बोट लावलं.

"चाची, ये की! ह्या पप्पांचा रंग कच्चा हाय. डोळ्यातनं गळालाय!"

मदिनाचाची दारातूनच म्हणाली, "असू दे बाळा, त्योच ठेवून घे."

"मग?" कृष्णातने खाली बसत विचारलं. "दात कुठं ठेवलास?"

तेजू दचकलीच. मी असं कधी विचारलं नव्हतं. ती त्याच्या मांडीवर चढली आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला लागली.

आता मी मागच्या दारी जळणाच्या शेणींच्या ढिगावर पालथा पडलोय. पावसात शेणी कोरड्या राहतात, तेवढा उपयोग आहे. कृष्णात सहाला शटर ओढतो. त्याला जमत नाही त्या दिवशी स्वप्नाली ड्युटी बदलून घेते. दोघांचंही जमलं नाही की घरात भांडण होतं, तेही मला ऐकू येतं.

आई-बापांनो, तेजूने मला शेकड्याने गोष्टी सांगितल्या. मी एकदाही 'मग?' म्हणू शकलो नाही, तरी ती मला पप्पा म्हणत राहिली. लवकर घरी जा. तुमचंही पोर आत्ता कुणाला तरी काहीतरी सांगत असेल.