सिस्टर हरत तेव्हा

मित्रांनो, मी बुद्धिबळाचे एक जुने घड्याळ आहे. मला दोन तोंडे आहेत, पण म्हणून मला दुतोंडी समजू नका. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या आणि वर दोन खटके. चाल केली की खेळाडूने आपला खटका दाबायचा. त्याची वेळ थांबते, समोरच्याची धावू लागते. माझ्या पोटातली चक्रे एका म्हाताऱ्या घड्याळजीने भिंग लावून बसवली होती.

एका रुग्णालयाच्या लिफ्टमनकाकांनी मला आपल्याबरोबर कामावर आणले. तिथे तिसऱ्या मजल्यावर, औषधांच्या कपाटामागच्या चिंचोळ्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत ते आणि वॉर्डच्या सिस्टर खेळत. सिस्टरांचा हात फार हलका. सुई कधी टोचली ते रुग्णाला कळतही नसे. माझा खटकाही त्या तशाच दाबत.

“सिस्टर, तुमच्या हाताखाली घड्याळाचंसुद्धा दुखणं पळेल,” काका म्हणत. ते ऐकून माझी टिकटिक जरा ऐटीत चाले.

पण डाव हातातून जाऊ लागला की सिस्टरांची कानशिले लाल होत आणि हात जड. हरल्या की मोहरे न आवरता उठत, दिवसभर कोणाशी बोलत नसत.

“एवढं काय मनाला लावून घेता?” काकांनी एकदा विचारले.

“वॉर्डात काही बिनसलं तर शंभर कारणं असतात, काका. इथं दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी नाही.”

काका मोहरे डबीत भरू लागले.

एका दुपारी सिस्टर जिंकत आल्या होत्या. घाईत त्यांनी घोडा हलवला आणि काकांच्या वजिराला वाट मोकळी झाली. मात! सिस्टरांनी मला असा तडाखा दिला की मी थेट फरशीवर आदळलो. डाव्या तबकडीची काच फुटली, आत काहीतरी निखळले. त्या तशाच तरातरा वॉर्डात गेल्या. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. पहिल्या खाटेवरच्या आजी पाणी मागत होत्या.

“एकदा सांगितलं ना, थांबा! मला काय दहा हात आहेत?”

मग आजींचा बारीक आवाज आला, “चुकलं बाई माझं.”

मित्रांनो, काचेचे दुःख मी विसरलो. ते तीन शब्द अजून टोचतात.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माफी मागायला गेल्या, तर खाट रिकामी. आजी घरी गेल्या होत्या. सिस्टरांनी माझ्या फुटक्या तबकडीवर चिकटपट्टी लावली आणि मला कपाटात, कापसाच्या गठ्ठ्यांमागे ठेवले. कित्येक महिने मला कोणी चावी दिली नाही. आतले तेल सुकून गेले.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले. “सिस्टर, एक डाव.”

“नको. हरले की मी माणसात राहत नाही. त्या आजींना मी...”

“माहितीये. मीही घरी जाऊन आदळआपट करायचो. माझी लेक माझ्यासमोर यायची बंद झाली, तेव्हा डोळे उघडले. आता हरलो की जागचा हलत नाही. कुठं चुकलो ते बोलून दाखवतो, मगच उठतो.”

“मग वाईट वाटत नाही?”

“वाटतं की! पण ते माझं मी गिळतो. दुसऱ्याच्या ताटात वाढत नाही.”

मला नुसते पटाशेजारी ठेवून, वेळ न लावता त्या खेळल्या आणि हरल्या. हात वर उचलला गेला. मी जीव मुठीत धरला. पण त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

“तुमच्या हत्तीकडे माझं लक्षच नव्हतं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “फार वाईट वाटतंय, काका.”

“बसा.”

दोघे बसून राहिले. वॉर्डातून घंटी वाजली. सिस्टर उठल्या, डोळे पुसून आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला. त्यात कंप होता, पण धार नव्हती.

माझी डावी बाजू आता कधीच चालणार नाही. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, खेळणारा प्रत्येक जण हरतो, तुम्हीही हराल. रडू आले तर खुशाल रडा. पण हरल्याचा राग ज्या माणसावर निघतो, त्याने तुमचा डाव पाहिलेलाही नसतो. म्हणून आधी थोडे बसा. मग उठा.