तिहोमिरच्या वाट्याचा घोट

मित्रांनो, दाराजवळच्या उंच फळीवर चपट्या पोटाची, आखूड मानेची ती लाकडी सुरई दिसते ना? ती मी. आमच्या सर्बियातल्या या डोंगराळ गावात मला बुक्लिया म्हणतात.

एका म्हाताऱ्या सुताराने मला मेपलच्या ओंडक्यातून कोरून काढलं. पोटावर द्राक्षाची वेल काढली, आतून मेण फिरवलं. तिहोमिरच्या आजोबांनी मला या घरी आणलं, आणि तेव्हापासून इथलं एकही लग्न माझ्यावाचून पार पडलं नाही. लग्न जवळ आलं की माझ्या गळ्यात फुलं बांधायची, पोटात आलुबुखाराची कडक दारू, राकिया, भरायची आणि घरच्या कर्त्याने दारोदार बोलावणं करत फिरायचं. एक घोट त्या घरच्या यजमानाचा, एक घोट बोलावणाऱ्याचा. मग यजमान मला आपल्या घरच्या राकियाने पुन्हा काठोकाठ भरणार. झालं आमंत्रण! मला तोंड न लावणं म्हणजे त्या घराचा अपमान.

मग मुलं शहरात गेली, लग्नं विरळ झाली. माझ्या मानेभोवती कोळ्याने घर केलं. किती वर्षं धूळ खाल्ली, ते मलाच ठाऊक. शेवटी तिहोमिरची धाकटी लेक रुझित्सा हिचं लग्न ठरलं आणि सून जागोदाने मला उतरवून कोमट पाण्याने धुतलं. तिचा नवरा परगावी कामाला होता, त्यामुळे बोलावणी तिहोमिरनेच करायची होती.

आणि नेमकी तेव्हाच त्याच्या कमरेत उसण भरली. मी त्याला पाळण्यापासून पाहिलंय, म्हणून एकेरीत बोलते. हट्टी पहिल्यापासूनचा! मांडवाचा खांब एकटाच उचलायला गेला. पाठीचे स्नायू असे आवळले, की श्वास घ्यायची चोरी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी लिहून दिल्या आणि बजावलं, "झापड येईल. दारूचा थेंब नको, ट्रॅक्टरला हात नको. शेक घ्या, जमेल तसं चाला."

जागोदाने गोळ्यांची डबी माझ्याच फळीवर ठेवली. तिची लेक लेंका नुकती चालायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालायची. मी आणि ती डबी शेजारणी झालो, पण आमची सोयरीक होता कामा नये, हे मला तरी कुठे कळत होतं?

तिहोमिरने जेवणानंतर गोळी घेतली आणि मला काखोटीला मारून तो शेजारच्या घरी गेला. "एका घोटाने काय होतंय? राकिया म्हणजे आमचं औषधच!" एकच घोट घेतला त्याने. घरी परतून लेंकाला मांडीवर घेऊन पायरीवर बसला. तिला गाणं म्हणता म्हणता शब्द जडावले, मान लवली आणि हात सैल पडले.

जागोदा कणीक मळत होती. परात तशीच टाकून ती धावली. पायरीखालच्या दगडाला लेंकाचं डोकं लागणार, तोच तिने तिला वरच्यावर झेललं.

 लेकीला छातीशी धरून ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"मला कळलंच नाही गं," तिहोमिर खडबडून जागा होत म्हणाला.

"बाबा, गोळी वाईट नाही. ही बुक्लियाही नाही. दोघी एका पोटात गेल्या, ते वाईट."

"मग गोळीच सोडतो लग्नापर्यंत."

"मनाने सोडायची नाही, मनाने वाढवायचीही नाही. बाईंना विचारू. आणि एक दिवस सोडली म्हणजे लगेच अंगातून गेली असं थोडंच आहे?"

"मग बोलावणी काय फोनवरून करू? फोनवरून ट्रॅक्टरचा मिस्त्री बोलावतात, सोयरे नाही!"

"तुम्हीच करा ना. गाडी मी चालवते. घोट तेवढा नाही."

दुसऱ्या दिवशी कमरेला लोकरीची शाल गुंडाळून तिहोमिर तिच्या शेजारी बसला. त्या दिवशीचं पहिलंच दार चुलतभाऊ ग्वोझ्देनचं, नाकावर राग असलेला माणूस! त्याने घोट घेऊन मला परत दिलं. तिहोमिरने माझं तोंड नुसतं ओठांना टेकवलं आणि खाली घेतलं.

"का रे? सुनेने तोंडाला कुलूप घातलं वाटतं?"

"कुलूप तिचं, पण किल्ली मीच दिलीय. पाठीसाठी गोळ्या चालू आहेत."

"एवढंच ना? माझ्याकडे गेल्या सालच्या उरल्यात. दोन जादा घे, लग्नात नाचशील! आणि पी आता. नाहीतर माझ्या घरचं कुणी तुझ्या मांडवात पाऊल ठेवणार नाही."

जागोदाने तिहोमिरच्या शालीची कडा मुठीत धरली. तिहोमिर खाली बघत म्हणाला, "काल गोळीवर एक घोट घेतला, दादा. या हातांतून लेंका निसटली."

 ग्वोझ्देनने गाडीत पेंगुळलेल्या लेंकाकडे पाहिलं. मग मला हिसकावून आणखी एक घोट घेतला. "हा तुझ्या वाट्याचा. माझ्या गोळ्यांचं नाव काढू नकोस. आणि सगळ्यांना सांग, ग्वोझ्देनने तुझ्यासाठी प्यायलाय, कुणी तोंड वाकडं करायचं नाही!"

त्या दिवशी प्रत्येक दारात कुणी ना कुणी तिहोमिरचा घोट घेतला आणि मला पुन्हा भरून दिलं. मांडवात एकही जागा रिकामी राहिली नाही. तिहोमिर नाचला नाही. खुर्चीत बसून, लेंकाला दोन्ही हातांनी घट्ट धरून, त्याने तिला सूप भरवलं.

उसण ओसरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या. उरलेल्या गोळ्या जागोदाने कुणाला वाटल्या नाहीत, औषधाच्या दुकानात परत नेऊन दिल्या. बऱ्याच महिन्यांनी तिहोमिरने मला फळीवरून उतरवलं. बूच काढलं, मला तोंडाजवळ नेलं, तोच दारातून बोबडा आवाज आला.

"आजोबा, गोली खाल्ली?"

आईच्या तोंडून रोज ऐकलेला प्रश्न! तिहोमिर कंबर धरून हसला, मग डोळे पुसून म्हणाला, "नाही गं, माझे आई."

"मग पी."

मित्रांनो, मी लाकडाची. माझ्या पोटात काय आहे ते मी सांगू शकते, पिणाऱ्याच्या पोटात आधी काय गेलंय ते मला दिसत नाही. तेवढं तुम्ही विचारत जा.