गच्चीवरचे डांगर

मित्रांनो, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेले अर्धे डांगर आहे. तुम्ही लाल भोपळा म्हणत असाल. कालपर्यंत मी अख्खे होते आणि साऱ्या इंदिरानगरात माझ्याएवढे दुसरे नव्हते. ते कर्तृत्व आपले, असे महेशरावांना वाटते. वाटू द्या बिचाऱ्यांना.

बी त्यांनी ऑनलाइन मागवले आणि गच्चीवर प्लास्टिकच्या ड्रममध्ये लावले. सगळा जोर एकाच फळात जावा म्हणून माझी भावंडे कोवळी असतानाच खुडली. तेवढे बरोबर केले, तेही मोबाइलमध्ये बघून. मग सकाळ-संध्याकाळ नुसते पाणी. माती ओली आहे की कोरडी, हे बोट घालून बघण्याचे कष्ट त्यांना झेपणारे नव्हते. फोटो मात्र रोज. माझ्यावर हात ठेवून असे उभे राहत, जणू मला त्यांनीच पोटात वाढवले.

"अहो, खालून ओल धरतेय. पेंढा तरी घाला," त्यांच्या पत्नी उज्वलाताई म्हणाल्या.

"फोटोत कचरा दिसतो तो."

ओल्या सिमेंटवर बसून मी बुडाकडून कुजत गेले. वरून लखलखत होते; त्यांना तेवढे पुरे होते.

काल मला कॉलनीच्या भाजीपाला प्रदर्शनात न्यायचे होते. सटाण्याहून त्यांचा मेहुणा संतोष आला होता. "दाजी, लय जड हे. अजून दोघांना बोलवू," तो म्हणाला. पण महेशरावांना कौतुकात वाटेकरी नको होते. दोघांनी मला चादरीत घालून जिना उतरायला सुरुवात केली. खाली उज्वलाताई दार धरून उभ्या होत्या.

अर्ध्या जिन्यात माझे बूड सुटले. गर पायरीवर सांडला, महेशराव त्यावरून घसरले आणि चादर निसटली. मी सरळ उज्वलाताईंच्या अंगावर निघाले.

"ताई, सरक," संतोष ओरडला.

त्या भिंतीला चिकटल्या. मी त्यांच्या पदराला घासून गेले आणि दारावर आपटून फुटले.

महेशरावांचा हात मोडला. आज प्लास्टर मिरवत ते भेटायला आलेल्यांना सांगत होते, "बियाणंच फसवं निघालं."

उज्वलाताई माझा चांगला भाग घाऱ्यांसाठी किसत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "खाली मी उभी होते, हे सांगितलंत का त्यांना?"



मित्रांनो, आम्हाला मोठे करायचे असेल तर खाली कोरडा पेंढा घाला, पाणी बेताने द्या, उचलायला चार माणसे बोलवा. एवढे जमत नसेल तर मंडईतून पावशेर फोड आणा. तिच्यासोबतही फोटो निघतो.