सहा ते सातचा खांब

दगडाबाईंच्या घरघंटीला गिऱ्हाईक मिळालं. ही बातमी बुधवारी संध्याकाळी त्यांना त्यांच्या लेकानंच दिली, तीही चहा पिता पिता, बशीत बघत.

"बन्सी नेतो म्हणला. कंपनीत आमच्या लाईनवरचाच माणूस आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो," कृष्णा म्हणाला.

दगडाबाई पिठाची चाळणी झाडत होत्या. त्यांचा हात तेवढा थांबला. "कामून रं?"

"बिल बघ ना माय. नवं मीटर बसलं तसं बिल चढायलंय. दोन महिने झाले. घरात पंखा नाय, थंडीचे दिवस. एवढी वीज खातंय कोण? तुझी घंटीच की."

दोन वर्षांपूर्वी लासूर स्टेशनजवळचं शेत बटाईनं देऊन त्या चिकलठाण्यातल्या या दोन खोल्यांच्या घरात आल्या, तेव्हा पहिले सहा महिने त्यांना कॉलनीत कुणी ओळखत नव्हतं. मग त्यांनी मागच्या पडवीत कपाटाएवढी घरघंटी आणून बसवली. कुणी ज्वारी घेऊन आलं, कुणी भाजणी घेऊन. दळणाचे पैसे त्या घेत नसत. येणारीनं घटकाभर बसावं, माहेरचं काही सांगावं, एवढाच त्यांचा दर होता. घंटी गेली तर दार उरलं असतं, पण दाराशी येणारं कुणी उरलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ओवी.

लग्न होऊन आल्यापासून दगडाबाई पहाटेच दळत आल्या. जातं गेलं, वीज आली, पण वेळ बदलली नाही. पाचाला उठायचं, हातपाय धुवायचे, घंटीत दाणे ओतायचे, बटन दाबायचं आणि तिच्या घरघरीवर आवाज लावायचा:

*दाणं पडतं सरसर, पीठ उतरं मऊ मऊ,*
*लेक निजला मांडीवरी, त्याला हाक नका देऊ.*

घंटी बिचारी कुठं ओढावी लागत नव्हती. तरी ओवी म्हणताना त्यांचा उजवा हात आपला आपण गोल फिरत राही.

"अहो, जरा थांबा," आतून संस्कृती आली. ही कृष्णाची बायको. गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला होती. नजरेचा अंदाज किती फसवतो हे रोज गिऱ्हाइकांना पट्टी लावून दाखवायचं, हेच तिचं काम. "घंटीच खाते हे कशावरून?"

"मग काय फ्रीज खातो?"

"मोजू की. नव्या मीटरचं तेवढंच तर आहे. बसवणाऱ्यानं मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलंय, तुम्ही एकदा तरी उघडलं का?"

कृष्णानं उघडलं नव्हतं. कॉलनीत कुणीच उघडलं नव्हतं. शेजारच्या आवडाबाईंनी तर मीटर बसवणाऱ्या पोरांना गेटातूनच परत पाठवलं होतं. नवं मीटर दुप्पट पळतं, हे त्यांना त्यांच्या बहिणीच्या जावेनं सांगितलं होतं आणि त्यापुढं पुरावा लागत नव्हता.

संस्कृतीनं ॲप उघडलं. दिवसाचा एकेक तास म्हणजे एकेक निळा खांब. दिवसभर बुटके खांब, अंगठ्याएवढे. संध्याकाळी थोडे उंच. आणि पहाटे पाच ते सातच्या मध्ये दोन खांब असे, की ताडाची दोन झाडं एकाला एक लागून उगवावीत. काल तसेच, परवा तसेच, गेल्या आठवड्यातही तसेच.

"बघ," कृष्णा म्हणाला. "पहाटं घरात कोण जागं असतं? मशीन बी कबूल करायलंय, माय."

दगडाबाईंनी चाळणी खुंटीला टांगली. "उद्या दळत नाय मी," त्या म्हणाल्या. "बघा मग तुमचं झाड उगवतंय का."

गुरुवारी पहाटे पडवी मुकी राहिली. दगडाबाई सवयीनं उठल्या, घंटीवरचं फडकं नीट केलं आणि पायरीवर नुसत्या बसून राहिल्या. ओवी दोनदा ओठापर्यंत आली. दाण्याशिवाय कशी म्हणायची, म्हणून परत गेली. सहाच्या आधीच कृष्णा आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "आज झोपच लागली नाय बघ. गजर झाला तसा टक्क जागा आहे."

गुरुवारचे खांब शुक्रवारी दुपारी दिसले. ताडाची दोन्ही झाडं गायब. पाचाचाही खांब बुटका, सहाचाही बुटका.

कृष्णानं कंपनीतून दुकानात फोन केला. "बघितलं का? झालं ना सिद्ध? बन्सीला पक्कं सांगतो."

"सांगा," संस्कृती म्हणाली आणि फोन ठेवला. पण तिचं मन मोबाईलमधून निघेना. समोर गिऱ्हाईक साडीचा काठ चाचपत होतं, आणि ही काऊंटरखाली मोबाईल धरून बुधवारचे खांब गुरुवारच्या खांबांना लावून बघत होती. संध्याकाळी घरी येताच तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, रोज दळण किती वाजता संपतं?"

"सहाला. कंपनीचा सहाचा भोंगा झाला की बटन बंद. मग पीठ चाळती, डब्यात भरती."

"भोंग्यानंतर घंटी चालू नसते?"

"कशाला चालू ठेवू? रिकामं जातं फिरवू नये."

"मग सहा ते सातचा खांब कुणाचा?"

दगडाबाईंनी तिच्याकडं बघितलं. खांब त्यांना कळत नव्हते, पण सून आपल्या बाजूनं उभी आहे एवढं कळलं.

"तोही जवळजवळ पाचाच्या खांबाएवढाच उंच आहे," संस्कृती म्हणाली. "आणि तुम्ही दळलं नाही त्या दिवशी तोही पडला. हे मला जुळत नाही. उद्या दळा, आत्याबाई. रोजच्यासारखं, ओवीसकट. मी बसते मीटरपाशी."

शनिवारी पहाटे संस्कृती शाल लपेटून पुढच्या ओट्यावर पाटावर बसली. भिंतीवरच्या पेटीत मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता, अगदी सावकाश, पेंगुळल्या डोळ्यासारखा. पाच वाजता मागं घंटी सुरू झाली. ठिपका जरा लगबगीनं लुकलुकू लागला. ओवी ऐकू आली. दगडाबाईंचा आवाज दोन दिवस कोंडलेला होता, त्यामुळं आज तो मोकळा सुटला होता.

सव्वापाचला कृष्णाचा गजर झाला. उद्यापासून व्यायाम, हे तो दसऱ्यापासून ठरवत होता आणि गजर त्याच निश्चयाचा होता. संस्कृतीला त्याची पावलं ऐकू आली, न्हाणीचं दार वाजलं, परत पावलं, पलंग करकरला.

आणि लाल ठिपका पिसाळला. लुकलुक म्हणायलाही फुरसत नाही, नुसती थरथर.

संस्कृती उठली नाही. कापड पूर्ण उलगडल्याशिवाय पट्टी लावायची नसते. सहाचा भोंगा झाला, मागं घंटीचं बटन खटकन बंद झालं. ठिपका किंचित हळू झाला, पण थरथर थांबली नाही. ओवीही थांबली नव्हती. चाळणीच्या तालावर ती पुढं चालूच होती, *त्याला हाक नका देऊ.*

सव्वासहाला ती उठली आणि न्हाणीत गेली. आत ढग उतरले होते. बादलीत पाणी तापवायचा रॉड, आणि पाणी भाताच्या आधणासारखं खदखदत होतं. तिनं बटन बंद केलं. मग खोलीत जाऊन बघितलं. कृष्णा पलंगावर आडवा, एक पाय खाली लोंबता, तोंड अर्धं उघडं, आणि चेहरा असा निवांत, की त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं.

तरी तिनं उठवलं. "अहो, न्हाणीत रॉड किती वेळ ठेवता?"

"पंधरा मिनिटं," तो डोळे न उघडता म्हणाला. "रॉड लावतो, पाच मिनिटं पडतो, उठतो."

"किती वाजले बघा."

त्यानं बघितलं. मग छताकडं बघितलं. मग म्हणाला, "आजच लागला असेल डोळा."

"रोज दोन तांबे थंड पाणी ओतून आंघोळ करता. पाणी एवढं कढत का, हा प्रश्न कधी पडला नाही?"

"मला वाटलं रॉड भारी आहे."

पडवीतून दगडाबाई आल्या, हाताला पीठ. सुनेनं त्यांना सगळं सांगितलं. पावलं, ठिपका, ढग. दगडाबाईंना हसू आलं, पण लेकाची बाजू घ्यायची जुनी खोड. "दमतं लेकरू. झोपत असंल."

"मग गुरुवारी कामून नाही झोपले?" संस्कृती म्हणाली. "गुरुवारी सहाच्या आत आंघोळ झाली होती. खांब पडला तो त्याच्यामुळं. घंटी बंद होती म्हणून नाही."

कृष्णा पलंगावर उठून बसला. बराच वेळ चादरीची घडी घालत राहिला. एवढं मन लावून त्यानं कधी घडी घातली नव्हती.

"गुरुवारी ओवी नव्हती," तो शेवटी म्हणाला. "काय करू माय. तू म्हणायला लागलीस की माझे डोळे मिटतात. घंटीच्या आवाजानं तर जाग येती. पण ते तुझं... लासूरला मांडीवर घेऊन दळायचीस ना, पीठ केसांत पडायचं. तसंच वाटतं. पंधरा मिनिटं म्हणतो अन् कुठं जातो, मलाच कळत नाय."

दगडाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला, मग परत पुसला. चाळीशीला आलेला लेक, डोक्यावरचे केस विरळ झालेले. त्या पुढं झाल्या आणि केसांवरून हात फिरवला. पीठ राहिलंच होतं थोडं.

"म्हणजे बिल आत्याबाईंमुळंच वाढलं, असं म्हणायचं का आता?" संस्कृती म्हणाली, आणि तिघंही हसली.

"माझी बी एक चूक आहे," हसू ओसरल्यावर दगडाबाई म्हणाल्या. "घंटीत दाणे सोडायची झडप मी बोटभरच उघडती. पूर्ण उघडली तर वीस मिनिटांत दळण उरकतं. मग ओवी कुठं बसवायची? एवढं गणगोत पडलंय. कुणाकुणाचं नाव घ्यायचं अन् कुणाचं सोडायचं?"

संस्कृतीनं कपाळाला हात लावला. तिच्या घरात वीज ओवीच्या मापानं जळत होती आणि बिल आल्यावर सगळे मीटरकडं बघत होते.

रविवारी सकाळी बन्सी टेम्पो घेऊन आला. बरोबर दोरखंड, जुनं गोधडं, सगळी तयारी. कृष्णा गेटापाशी गेला. मायनं आणि बायकोनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की हे तूच सांगायचं.

"घंटी नाय देता येत गड्या," कृष्णा म्हणाला.

"कामून? बिल लई येतं म्हणला होतास."

"ते... दुसऱ्याच कशानं येत होतं."

"कशानं?"

कृष्णानं मागं बघितलं. मदतीला कुणी येईना. "मी झोपतो त्यानं," तो म्हणाला.

बन्सीनं हे नीट समजून घेतलं. दोन वेळा समजून घेतलं. मग टेम्पोच्या फाळक्याला टेकून म्हणाला, "मग रिकामा टेम्पो कशाला नेऊ? तो रॉड तरी दे. नाय तर तूच बस मागं."

दगडाबाईंनी त्याला तसं जाऊ दिलं नाही. ताज्या पिठाची भाकरी, ठेचा, कांदा आणि वर शेरभर पीठ बांधून दिलं. जाताना बन्सी म्हणाला, पीठ असं मिळणार असंल तर घंटी इथंच बरी.

दुपारी आवडाबाई बाजरी घेऊन आल्या. रॉडची बातमी त्यांच्या घरी आधीच पोचली होती. पडवीत बसता बसता त्यांनी विचारलं, "मग दगडाबाई, नवं मीटर चांगलं म्हणायचं का वंगाळ? त्या पोरांना बोलावू का परत?"

"मीटरनं माझं काय वाचवलं नाय," दगडाबाई म्हणाल्या. "ते बोट दाखवतं, बाई. कुठं दाखवतंय ते उठून बघायचं काम आपलं. माझी सून थंडीत ओट्यावर बसली म्हणून कळलं. नाय तर माझ्याच लेकानं त्याच मीटरच्या नावानं माझी घंटी टेम्पोत घातली असती. बघणार असशील तर घे. नाय तर आहे तो जुना डबा बरा."

"मला कुठं मोबाईलमधलं कळतं."

"मला तरी कुठं कळतं? लाल ठिपका कळतो. सावकाश असला की निवांत, पळायला लागला की घरात हिंडायचं, कोण खायलंय बघायचं."

घंटी सुरू झाली. झडप या वेळी पूर्ण उघडी होती. मीटर बसवणाऱ्यानं दिलेला कागद संस्कृतीनं वाचून दाखवला होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज जराशी स्वस्त. तेव्हा कॉलनीचं दळण आता दिवसा, भरभर, आणि घराचं दळण पहाटे, बोटभर झडपेनं, जसं होतं तसं. एवढी वाटणी तिघांनी मिळून केली होती. आवडाबाईंना दिवसाढवळ्या ओवी ऐकायला मिळाली. त्यांनाही एक आठवली, अर्धीच. उरलेली अर्धी दगडाबाईंनी जोडून दिली.

रॉडचं बटन मात्र कृष्णाच्या हातून काढून घेण्यात आलं होतं.

सोमवारी पहाटे गजर झालाच नाही. व्यायामाचा निश्चय त्यानं प्रामाणिकपणे मागं घेतला होता. पाचाला घंटी सुरू झाली. सहाच्या भोंग्याला थांबली. दगडाबाई चाळणीवर ओवी म्हणत राहिल्या, आणि आज ओव्यांत एक नवी होती:

*लाल डोळ्याचं पाखरू बसलं भिंतीच्या पेटीत,*
*लेकाची गं साखरझोप त्यानं धरली चिमटीत.*

साडेसहाला ओवी संपली. त्या न्हाणीत गेल्या, बादलीत रॉड सोडला, बटन दाबलं आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या. पाण्यावर पहिली वाफ धरली तसं बटन बंद केलं, रॉड काढून खुंटीला टांगला आणि खोलीच्या दाराशी आल्या.

"किसना, ऊठ. पाणी तापलं."

चादरीतून आवाज आला, "माय, अजून एक म्हण."

"आता उद्या," दगडाबाई म्हणाल्या, आणि चादर ओढली.