सतराच्या पाढ्याची चाल

शोभा मॅडमना पाढे येत होते ते वडिलांच्या फूटपट्टीमुळे, आणि त्या फूटपट्टीचा राग अजून त्यांच्या मनातून गेला नव्हता. म्हणून बाभुळगावच्या पुढल्या त्या छोट्या गावात चौथीचा वर्ग मिळाला, तेव्हा त्यांनी यवतमाळहून स्कूटीवर पायांशी ठेवून पेटी आणली. शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले, "गणिताचा तास आहे की भजनाचा?" मॅडमनी सरळ विचारलं, "तुमच्या छडीनं किती जणांना बाराचा पाढा आला, ते सांगा."

दोनपासून सोळापर्यंतचे पाढे चालीवर बसले. सतरा मात्र ऐकेना. जलद चाल लावली की 'सतरा सक एकशे दोन'पाशी अर्धा वर्ग धापा टाकत मागं राहायचा. चाल संथ हवी होती, पुढचा आकडा आठवेपर्यंत श्वास घेऊ देणारी.

तशी एक चाल मॅडमच्या कानात होती. दोन वर्षांपूर्वी शाळेवरून भजनी मंडळी गात गेली होती. पुढं खंजिरी घेतलेला गावातला घनश्याम, काय आवाज होता त्या माणसाचा! खिडकीतून रस्त्याचा दहा पावलांचा तुकडा दिसायचा. मॅडमना वाटलं, दिंडी असेल. तेवढ्यात घंटा झाली आणि त्या वर्गाकडे वळल्या.

सोमवारी त्यांनी सतराचा पाढा त्या चालीवर म्हटला. मुलं एकमेकांकडं बघू लागली, पण मॅडमच्या मागून म्हणत राहिली. 'सतरा साते'ला घनश्यामची लेक सुरभी उठली, दप्तर घेतलं आणि निघून गेली. घनश्याम गेल्या आषाढात आठ दिवसांच्या तापानं वारला होता. तेव्हापासून ही पोर विचारलं तेवढंच बोलायची.

"मॅडम," ऋतिक हळूच म्हणाला, "हे तर मयतीची चाल हाय. मोक्षधामाकडे नेताना पुढं म्हणतेत."

मॅडमनी पेटीचा भाता मिटला. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलंच नाही."

मंगळवारी सुरभी आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी निरोप आला की तिची आई विमलताई तिला बोरी अरबला मामाकडे ठेवणार, तिथल्याच शाळेत घालणार. बाप गेलेल्या पोरीला आपल्या हौसेनं शाळेलाही पारखं केलं, हे त्यांना सहन होईना. शाळा सुटताच त्या तिच्या घरी गेल्या.

विमलताई अंगणात तूर पाखडत होत्या.

"चूक माझी झाली," मॅडम उभ्या उभ्याच म्हणाल्या. "ती चाल मी पुन्हा वाजवणार नाही. पण पोरीला नेऊ नका."

"तुमाले माहीत नोतं, समजते मले. पण पोरगी धड जेवून नाही राह्यली. निसती तोंडातल्या तोंडात पुटपुटते."

दाराशी उभी असलेली सुरभी म्हणाली, "चाल बदलू नका मॅडम."

दोघींनी तिच्याकडं पाहिलं.

"बाबा साऱ्यायच्या मयतीत म्हणत होते. बाबाच्या मयतीत कोणीच नाही म्हटलं."

सूप विमलताईंच्या हातात थांबलं. "खरं हाय मॅडम. मंडळीनं सुरुवात केलती. पहिल्याच ओळीले साऱ्यायचे गळे भरून आले. मंग कोण म्हणते? मुक्यानंच नेलं त्यायले."

मॅडमनी विचारलं, "मग त्या दिवशी उठून कुठं गेलीस गं?"

"मोक्षधामात."

"एकटी?" विमलताई ओरडल्याच. त्यांच्या गावात बायका तिकडं जात नाहीत. नवऱ्याला नेलं तेव्हा त्यासुद्धा घराच्या दारातूनच परत फिरल्या होत्या.

"बाबाले म्हणून दाखवाले गेलती. भजनाचे शब्द मले येत नाही, पाढा येते. पण सतरा सातेपर्यंतच येते. पुढचं येत नाही, म्हणून अर्धंच झालं." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. "मॅडम, पुढचं सांगा ना."

मॅडम तिच्यापाशी खाली बसल्या. पेटी नव्हती. सतरा आठे एकशे छत्तीस, सतरा नवे एकशे त्रेपन्न, सतरा दाहे एकशे सत्तर. त्यांनी तीनदा म्हटलं, सुरभीनं तीनदा म्हटलं. चौथ्या वेळी ती एकटीच म्हणाली, न अडखळता.

विमलताईंनी सूप भिंतीशी उभं केलं, पदर खोचला आणि चपला घातल्या.

"चाल," त्या लेकीला म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही बी या."

चावडीवरची माणसं बघत राहिली. एकानं "विमलताई, तिकडं कायले?" म्हणून हटकलंही. त्या थांबल्या नाहीत.

मोक्षधामातल्या लोखंडी पत्र्याच्या शेडखाली ऊन कलतं होतं. सुरभी चितेच्या ओट्यापुढं उभी राहिली. सतरा एके सतरा, तिनं सुरुवात केली. विमलताई शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना पाढा येत नव्हता. त्या लेकीच्या मागून एकेक ओळ म्हणत राहिल्या, एकशे सत्तरपर्यंत.