शॉर्ट बिट

"हात का थरथरतोय रे तुझा?" खुर्चीत मान मागे टाकून पडलेल्या रूफस केलनं विचारलं.

"थंडी आहे, मिस्टर केल," एनॉस टटल म्हणाला. एनॉस आमच्या खाणगावातला एकुलता एक न्हावी, साठीला आलेला. बाहेर ऑगस्टचं रणरणतं ऊन होतं. मी बाकावर माझी पाळी यायची वाट बघत होतो.

आमच्या नेवाडात दाढीचा दर एक बिट, म्हणजे साडेबारा सेंट. तेवढ्याचं नाणं सरकारनं कधी पाडलंच नाही. दहा सेंटांची डाइम टेकवली तर तो शॉर्ट बिट. पाव डॉलर देऊन डाइम परत घेतली तर न्हाव्याकडे पंधरा सेंट राहतात, तो लाँग बिट. आज शॉर्ट दिला तर पुढच्या खेपेला लाँग द्यायचा, ही रीत. कुणी लिहून ठेवत नाही. केलनं तीन वर्षांत एकदाही लाँग दिला नाही. जूनमध्ये तो दाढी करून गेल्यावर एनॉस म्हणाला, "निघाली आमची शॉर्ट बिटची स्वारी!" दुकानभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो.

नाव गावभर झालं. गेल्या शनिवारी गाडीवान विली ओडेलनं दारूच्या गुत्त्यात ते केलच्या तोंडावर उच्चारलं आणि केलनं त्याला तिथंच गोळी घातली. विलीचाही हात कमरेकडे गेला होता, असं म्हणून पंचांनी केलला सोडून दिलं.

"विली गेला," केल डोळे मिटून बोलत होता, "पण ते नाव त्याचं नव्हे. तेवढी अक्कल कुठली त्याला! खानावळीतल्या लुंडग्रेनचं काम ते. इथून तिकडंच चाललोय."

लुंडग्रेन स्वयंपाकी. त्याला इंग्रजी धड बोलताही येत नव्हतं, आणि घरात चार पोरं. एनॉसचा वस्तरा केलच्या गळ्याच्या घाटीवर होता. खरं सांगतो, त्यानं तो ओढावा असंच मला वाटलं.

"लुंडग्रेन नव्हे," एनॉस म्हणाला. "नाव मी ठेवलं. इथंच, ह्या दुकानात."

केलनं डोळे उघडले. दोघंही हलले नाहीत.

"मग काप की," केल हळूच म्हणाला. "ही संधी परत नाही यायची."

"मी न्हावी आहे, मिस्टर केल. डावा गाल राहिलाय. मान वळवा."

केलनं मान वळवली. एनॉसनं डावा गाल केला, कानामागचा साबण पुसला, वस्तरा मिटून फळीवर ठेवला. मग एप्रन सोडला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. केलनं खुंटीवरचा पिस्तुलाचा पट्टा काढून कमरेला बांधला.

"तेव्हा हसलं कोण कोण?"

मी माझ्या बुटांकडे बघू लागलो.

"आठवत नाही," एनॉस माझ्याकडे न बघता म्हणाला. "बाहेर जाऊ या. हा आरसा माझ्या बायकोनं हौसेनं सॅन फ्रान्सिस्कोहून मागवलाय."

दार त्यानंच उघडून धरलं. मी बाकावरून उठलो नाही.